प्लेस्टेशनची मॉडचिप खरंच गेली आहे का? तपासणीचा क्रम, टप्प्याटप्प्याने

गेम सुरू होत नाही, म्हणजे चिप गेली. जुना प्लेस्टेशन वन घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे ठरवूनच येतो. "भाऊ, चिप जयी गयी," म्हणजे चिप जळली. तोवर बरेचदा घरीच सोल्डरिंग आयर्न लावून जुनी चिप उपटलेली असते, तिच्यासोबत बोर्डावरचा तांब्याचा ठिपकाही निघालेला असतो, आणि मूळ बिघाड मात्र लेन्समध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये जिथल्या तिथे असतो.

मॉडचिप म्हणजे बर्न केलेल्या किंवा दुसऱ्या प्रदेशाच्या डिस्क चालाव्यात म्हणून नंतर जोडलेली चिप. ती या मशीनमधली सगळ्यांत साधी वस्तू आहे. आठ पायांचा छोटा मायक्रोकंट्रोलर, बस. वीज नीट मिळाली तर तो वर्षानुवर्षं चालतो. बिघडतात त्या वायरी, जोड, लेन्स आणि कपॅसिटर. म्हणून क्रम पाळा: आधी न उघडता, मग डोळ्यांनी, मग मीटरने. आयर्न सगळ्यांत शेवटी.

हे सगळं मोठ्या राखाडी प्लेस्टेशन वनसाठी आणि छोट्या पांढऱ्या पीएसवनसाठी आहे. प्लेस्टेशन टूच्या चिपला वायरी कितीतरी जास्त असतात. तिथेही क्रम हाच ठेवा, पण इथले आकडे तिकडे लावू नका. कायद्याचंही एक लक्षात असू द्या. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडण्याबद्दल आहे. स्वतःचं जुनं मशीन दुरुस्त करून स्वतःच्या डिस्क खेळणं वेगळं आणि नकली डिस्कचा धंदा वेगळा. दुसऱ्या प्रकाराला माझी मदत नाही.

## चिप नेमकं काय करते

हे समजलं की निम्मी तपासणी झाली. ओरिजिनल डिस्कच्या आतल्या कडेला, ट्रॅकच्या नागमोडीत, चार अक्षरांची खूण असते: युरोपच्या डिस्कवर एससीईई, अमेरिकेच्या डिस्कवर एससीईए, जपानच्या डिस्कवर एससीईआय. घरी बर्न केलेल्या सीडीत ही खूण उतरत नाही. चिप तीच अक्षरं सेकंदाला २५० बिट अशा संथ गतीने सीडी कंट्रोलरच्या लाइनवर टाकते. कंट्रोलरला खूण पटली की दार उघडतं.

याच्यापलीकडे चिपचं काम नाही. ती डिस्क फिरवत नाही, वाचत नाही, चित्र काढत नाही. त्यामुळे व्हिडिओ अडखळणं, आवाज तुटणं, मध्येच गेम थिजणं या तक्रारींत चिपला हात लावायचं कारणच नाही. अमेरिकन किंवा जपानी गेम पाल मशीनवर (पाल ही युरोपची आणि आपली टीव्ही पद्धत) कृष्णधवल दिसतो, तोही रंगाच्या सिग्नलचा प्रश्न आहे. आरजीबी केबल वापरून पाहा, चिप बदलून रंग येणार नाहीत.

## टप्पा १: वीज आधी तपासा

मशीनच्या मागची पट्टी वाचा. मॉडेल नंबरचा शेवटचा आकडा २ असेल तर ते युरोपचं, २२० ते २४० व्होल्टचं मशीन. ० म्हणजे जपानचं, १०० व्होल्टचं. १ म्हणजे अमेरिकेचं, १२० व्होल्टचं. ही दोन्ही आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली की आतला फ्यूज आणि बरेचदा त्यासोबत आणखी काहीतरी जातं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

पीएसवनला बाहेरून ७.५ व्होल्ट, २ ॲम्पियरचा ॲडॉप्टर लागतो. राउटरचा ९ किंवा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर पिन बसते म्हणून लावू नका. कमी ॲम्पियरच्या ॲडॉप्टरवर दिवा लागतो, सोनीचा पांढरा पडदाही येतो आणि मोटर फिरायला लागली की व्होल्टेज कोसळतं. वरून बघणाऱ्याला ती चिपचीच तक्रार वाटते.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात शेतीचे पंप सुरू झाले की घरातलं व्होल्टेज कसं खाली येतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. प्लगमध्ये मीटर लावून आकडा बघा. फार खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझरवर तपासणी करा, नाहीतर पुढच्या एकाही निष्कर्षावर विश्वास ठेवता येणार नाही.

## टप्पा २: मशीन न उघडता चार चाचण्या

इथे घाई करू नका. बहुतेकांचं उत्तर याच टप्प्यात सापडतं. चाचण्या याच क्रमाने करा.

पहिली, डिस्कशिवाय सुरू करा. मेनू आला, मेमरी कार्ड दिसलं, तर मुख्य बोर्ड जिवंत आहे. दिवा लागतो पण पडदा काळाच राहतो, तर पॉवर, व्हिडिओ केबल किंवा रिसेटची लाइन बघायची. चिपची रिसेटची वायर जमिनीला, म्हणजे ग्राउंडला टेकली असेल तरी असंच होतं.

दुसरी, गाण्यांची साधी छापील सीडी घाला. तिला चिप लागत नाही आणि खूणही लागत नाही. पहिलं, मधलं आणि शेवटचं गाणं लावा. तिन्ही सलग वाजली तर लेन्स आतून बाहेरपर्यंत नीट सरकते आहे. शेवटचं गाणं अडखळलं तर लेन्सचा गाडा, त्याची दांडी किंवा ग्रीस यांचा प्रश्न आहे.

तिसरी, मशीनच्याच प्रदेशाची ओरिजिनल गेम डिस्क घाला. ती चिपविना चालली पाहिजे.

चौथी, चिप लागेल अशी डिस्क घाला. इथे बहुतेक जण पंधरा-वीस वर्षांपूर्वी बर्न केलेली, उन्हाळे खाल्लेली सीडी घालतात. ती लेन्सलाच वाचता येत नसेल तर चिप काय करणार? शक्य असेल तर दुसऱ्या प्रदेशाची ओरिजिनल डिस्क कोणाकडून तरी मागून आणा. ती छापील असल्यामुळे वाचायला सोपी असते आणि तरीही तिला चिप लागतेच. चिपची इतकी स्वच्छ परीक्षा दुसऱ्या कशाने होत नाही. मात्र जपानी मशीनमध्ये आणि पाल पीएसवनमध्ये बायोससुद्धा (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) प्रदेश तपासतो. तिथे बायोसच्या वायरी नसलेली चिप परदेशी डिस्क चालवणार नाही, मग ती कितीही धडधाकट असो. अशा मशीनवर त्याच प्रदेशाच्या तुमच्या डिस्कची नवी, हळू बर्न केलेली प्रत वापरा.

आता पडदा वाचायचा:

- चारही चाचण्यांत पास: आता चिप ठीक आहे. बिघाड गरम झाल्यावर येतो का ते बघायचं (टप्पा ६).
- गाणी वाजतात, ओरिजिनल चालते, चौथ्या चाचणीची डिस्क घातली की ‘प्लीज इन्सर्ट प्लेस्टेशन सीडी-रॉम’: खूण पोहोचत नाही. चिप, तिची वीज किंवा तिच्या वायरी.
- गाणी वाजतात, पण ओरिजिनलही नाकारली जाते: चिपने किंवा एखाद्या वायरीने लाइन दाबून धरली असण्याची शक्यता मोठी. लेन्स कमजोर असणं ही दुसरी शक्यता. निवाडा टप्पा ७ मध्ये.
- चौथ्या चाचणीच्या डिस्कवर काळ्या पडद्यावरचा पीएस लोगो आला आणि मग थांबलं: चिपने आपलं काम केलं आहे. डिस्क किंवा लेन्स बघा.
- काही ठरावीक गेममध्येच ‘मशीनमध्ये फेरफार झाला असावा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना: चिप बिघडलेली नाही, ती जुन्या पद्धतीची आहे. ती खूण अखंड पाठवत राहते आणि गेम तिला पकडतो. स्टेल्थ प्रकारची चिप खूण पटल्यावर गप्प बसते.

थांबा आणि तपासा: गाण्यांच्या सीडीची चाचणी नापास असेल तर इथेच थांबा. चिपचा विषय बंद, लेन्सकडे वळा. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या मऊ काडीने, दाब न देता पुसा आणि पुन्हा पहिल्या चाचणीपासून सुरू करा. लेन्सच्या पट्टीवरचा बारीक स्क्रू फिरवू नका. त्याने लेझरची ताकद वाढते, चार दिवस बरं चालतं आणि मग लेझर कायमचा जातो.

## टप्पा ३: उघडण्याची तयारी

मोठ्या मॉडेलमध्ये पॉवर सप्लाय आतच असतो. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. प्लग काढा, थोडा वेळ थांबा, मग मीटरचे पिन कपॅसिटरच्या दोन टोकांना लावून आकडा शून्याजवळ आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय सोडा. घरातली लहान मुलं, मांजर यांना त्या खोलीत येऊ देऊ नका. पीएसवनमध्ये हा धोका नाही, त्यामुळे पहिल्यांदा शिकणाऱ्याने पीएसवनवर हात बसवावा.

हाताशी हवं: बीप देणारा मल्टिमीटर, बारीक टोकाचं तापमान ठरवता येणारं आयर्न, ६३/३७चं (कथील-शिशाचं) सोल्डर, नो-क्लीन फ्लक्स, डिसोल्डर विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी), आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, कॅप्टन टेप (उष्णता सहन करणारी चिकटपट्टी) आणि मोबाइलवाले वापरतात ती बारीक जंपर वायर. जळगावात गोलाणी मार्केटला हे सगळं मोबाइलच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतं. डबीतली पिवळी पेस्ट घेऊ नका. त्यातल्या काही आम्लयुक्त असतात आणि पावसाळ्यात पायांवर हिरवा थर चढतो.

उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. मग बोर्डावर छापलेला नंबर शोधा. बाहेरच्या मॉडेल नंबरवर भागवू नका. एससीपीएच-७००० मालिकेतच पीयू-१८, पीयू-२० आणि पीयू-२२ असे वेगवेगळे बोर्ड निघतात. पीएसवनमध्ये पीएम-४१ असतो. वायरींचा आराखडा बोर्डाच्या नंबरवरूनच शोधायचा. चुकीच्या आराखड्यावरून केलेली ‘दुरुस्ती’ हे चिपा जळण्याचं मोठं कारण आहे.

## टप्पा ४: आधी नुसतं बघा

धूळ ब्रशने काढा. जिनिंगच्या आसपासच्या घरांतल्या मशीनमध्ये कापसाचा बारीक तंतू पंख्यासारखा पसरलेला असतो. तो सुका असताना निरुपद्रवी, दमट हवेत ओलावा धरून बसतो.

मग भिंग घ्या आणि चिपच्या प्रत्येक वायरीवरून नजर फिरवा. सगळ्यांत जास्त बिघाड धातूच्या पत्र्याच्या कडेला सापडतात. पत्रा बसवताना वायर त्याच्याखाली दबते, इन्सुलेशनवर सुरुवातीला नुसती चमकदार रेघ उमटते, आणि पुढे कधीतरी तांबं पत्र्याला टेकतं. हा दोष पत्रा काढला की नाहीसा होतो! ‘उघडलं की चालतं, बंद केलं की चालत नाही’ असं कोणी सांगितलं तर आधी ती रेघ शोधा.

दुसरी जागा चिपच्या खाली. बहुतेकांनी चिप दुहेरी चिकटपट्टीने बसवलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४४-४५ अंशांपर्यंत तापते, मशीनच्या आत त्याहून जास्त. गोंद पातळ होतो, चिप घसरते, पाय शेजारच्या भागाला टेकतात. तिसरी जागा म्हणजे ड्राय सोल्डर: जोडाभोवती बारीक गोल तडा, किंवा सोल्डर चकाकण्याऐवजी गोळी होऊन बसलेलं. टूथपिकने वायर हळूच हलवा. जोड हलला तर तोच दोषी.

## टप्पा ५: वीज बंद ठेवून मीटर

मीटर बीपवर ठेवा. एक पिन चिपच्या पायावर, दुसरी बोर्डावरच्या जागेवर. दोन्ही पिन वायरीच्या टोकांवर ठेवू नका. तसं केलं तर वायर चांगली निघते आणि तिचे दोन्ही जोड तपासायचे राहून जातात. पिन टेकवलेली असताना वायर हलवत राहा. बीप तुटला की सापडलं.

मग चिपच्या शेजारशेजारच्या पायांमध्ये बीप येतो का पाहा. यायला नको. आराखड्यात दोन पाय मुद्दाम जोडलेले असतील तर गोष्ट वेगळी. प्रत्येक सिग्नलचा पाय आणि ग्राउंड यांच्यातही बीप नको. पत्रा तात्पुरता जागेवर दाबून हीच तपासणी पुन्हा करा.

## टप्पा ६: वीज चालू ठेवून मोजणी

मोठ्या मॉडेलमध्ये एक हात खिशात ठेवा आणि पॉवर सप्लायच्या बाजूला झुकू नका. झाकण उघडं असताना आतला स्विच दाबून डिस्क फिरवत असाल तर लेन्समध्ये डोकावू नका. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा असतो.

काळी पिन पत्र्यावर न लावता चिपच्या ग्राउंडच्या पायावरच लावा. पत्रा धरला तर चिपचा स्वतःचा ग्राउंड तुटलेला असला तरी आकडा बरोबर येतो आणि दोष लपतो. पिक (पीआयसी) मालिकेच्या आठ पायांच्या चिपेत (१२सी५०८, १२एफ६२९) वीज पाय १ वर आणि ग्राउंड पाय ८ वर. ३.५ व्होल्टच्या लाइनवरून वीज घेतली असेल तर आकडा त्याच्या आसपास हवा. आता डिस्क घाला. मोटर उचलताना आकडा ३.३च्या खाली घसरत असेल तर चिपला दोष नाही, पॉवर सप्लायचे कपॅसिटर वाळले आहेत. खान्देशातल्या जुन्या मशीनमध्ये हे नेहमीचं आहे.

डेटाच्या, म्हणजे खूण पाठवणाऱ्या पायावर मीटर लावून मशीन सुरू करा. पहिल्या काही सेकंदांत आकडा उसळत राहिला तर चिप बोलते आहे. लॉजिक ॲनालायझर असेल तर ४ मिलिसेकंद रुंदीचे बिट स्पष्ट दिसतील. स्टेल्थ चिप नंतर गप्प होते, म्हणून पिन आधी टेकवा आणि मग स्विच दाबा. उशिरा बघून चांगली चिप मेली म्हणणारे बरेच आहेत.

गरम झाल्यावरच बिघडत असेल तर मशीन अर्धा-पाऊण तास चालवा, मग चिप आणि पॉवर सप्लाय यांचे आकडे पुन्हा घ्या. थंड आणि गरम आकड्यांतला फरकच बिघाडाची जागा सांगतो.

## टप्पा ७: चिप बाजूला करून निवाडा

इथे पहिल्यांदा आयर्न. बहुतेक जण फक्त चिपची पॉवरची वायर काढतात आणि चाचणी घेतात. ती चाचणी खोटी असते, कारण सिग्नलच्या वायरींतून चिपच्या आत थोडी वीज चढत राहते आणि ती अर्धवट जागी राहून लाइन ओढते. डेटा आणि गेट (चिपपासून कंट्रोलरकडे जाणारी दुसरी सिग्नलची वायर), या दोन वायरी सोडवा. सोडवायच्या त्या चिपच्या बाजूने. चिप स्वस्त आहे, बोर्डावरचा ठिपका पुन्हा मिळत नाही. सुट्या टोकांना कॅप्टन टेप लावा.

आता ओरिजिनल डिस्क घाला. आधी नाकारली जात होती आणि आता चालली, तर लाइन दाबणारी चिपच होती, बदला. अजूनही चालत नसेल तर चिप निर्दोष आहे, लेन्सकडे जा. ओरिजिनल आधीपासूनच चालत होती, वायरी आणि वीज बरोबर होती आणि टप्पा ६ मध्ये डेटाचा पाय मुका होता, तरीही चिप बदलायची. याखेरीज कुठल्याही कारणासाठी चिप बदलू नका.

## टप्पा ८: नवी चिप

१२सी५०८ एकदाच प्रोग्राम होते. १२एफ६२९ पुन्हा प्रोग्राम करता येते, पण तिच्या मेमरीच्या शेवटच्या पत्त्यावर कारखान्यातून आलेला कॅलिब्रेशनचा आकडा असतो. पुसण्याआधी तो लिहून ठेवा. तो हरवला तर चिपचं घड्याळ चुकतं, बिटांची रुंदी बिघडते आणि चिप चालू असूनही खूण पटत नाही.

एटीटायनी८५ वापरणार असाल तर तिथे वीज पाय ८ वर आणि ग्राउंड पाय ४ वर असतो. पिकच्या जागी तशीच बसवली तर वीज उलटी जाते. प्रोग्रामसुद्धा तुमच्या बोर्डाच्या नंबरसाठीचाच हवा.

सोल्डरिंग: टोक ३२० ते ३४० अंशांवर. ६३/३७ सोल्डर १८३ अंशांनाच वितळतं, त्यामुळे जास्त तापवून काही मिळत नाही, ठिपका मात्र सुटतो. वायरीच्या टोकाला आधी सोल्डर चढवा, ठिपक्यावर फ्लक्स, मग दोन-तीन सेकंदांचा एकच स्पर्श. बसलं नाही तर थंड होऊ द्या आणि पुन्हा करा. दाबून धरू नका. वायरी आखूड ठेवा, पत्र्याच्या कडेपासून दूर न्या आणि ठिपक्याजवळच कॅप्टन टेपने बसवा, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. हॉट ग्लू टाळा.

ठिपका निघालाच तर घाबरू नका. त्याच्यापासून निघणारी रेघ भिंगातून पुढच्या छिद्रापर्यंत शोधा, ब्लेडने वरचा हिरवा थर जरासा खरवडा आणि तिथे जोड द्या.

शेवटी अल्कोहोल आणि ब्रशने फ्लक्स धुऊन पूर्ण वाळवा. वीज देण्याआधी टप्पा ५ पुन्हा, पूर्ण.

## टप्पा ९: बंद करताना

पत्रा बसवा, पण वरचं झाकण लावण्याआधी चारही चाचण्या घ्या. मग झाकण लावून पुन्हा घ्या. मशीन चांगलं तापू द्या, बंद करून लगेच सुरू करा. दोन डिस्कचा गेम असेल तर डिस्क बदलून पाहा. पहिली चालते आणि दुसरी ओळखलीच जात नाही, तर झाकणाच्या स्विचची वायर तपासा. झाकण उघडल्याचं कळलं तरच स्टेल्थ चिप पुन्हा खूण पाठवते.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: बोर्डाचा नंबर, चिपचा प्रकार, थंड आणि गरम असतानाचे व्होल्ट, तारीख. पुढच्या वेळी मशीन उघडणाऱ्याला टप्पा ६ मध्ये तुलना करायला हेच आकडे लागतील.